तीन कुलपं, एकच सॉफ्टवेअर

२००५ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. आयुष्यात बसायचा तो धक्का भूकंपात बसून गेला, आता दुसरा बसायचा न्हाई, अशी माझी तोवर पक्की खात्री होती.

शाळा माझी चौथीपर्यंत, आणि तीही पेरणी-काढणी सोडून उरलेल्या दिवसांची. अक्षरं मला मास्तरांनी शिकवली न्हाईत, छापखान्यानं शिकवली. छापखान्यातलं अक्षर उलटं असतं. शिशाच्या खिळ्यावरचा 'क' उलटा, तो कागदावर उठला की सुलटा. मी आधी उलटा 'क' शिकलो, सुलटा नंतर. त्यामुळं समोर बसलेला माणूस पेपर वाचत असला तर त्याच्या हातातला मजकूर मी अजूनही त्याच्या आधी वाचून संपवतो.

भूकंपाआधी माझा छापखाना औसा-निलंगा रस्त्यावरच्या एका गावात होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या तीन केसी. केस म्हणजे लाकडाचा मोठा ट्रे, त्याला शेसव्वाशे खाने, एका खान्यात एक अक्षर. भूकंपात भिंत केसींवर आली. घरातलं कुणी गेलं न्हाई. शेजारच्या तीन घरांबद्दल मी इथं लिहिणार न्हाई. चार दिवसांनी माती उकरली तेव्हा तिन्ही केसींतली अक्षरं दगडमातीत मिसळून पडलेली. लोक पत्रे, भांडी, धान्य शोधत होते आणि मी काने, मात्रा, वेलांट्या वेचत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पोतं अंथरून मी आणि माझी बायको पाच महिने ते निवडत बसलो. तिला वाचता येत नव्हतं, पण आकार बघून तिनं माझ्यापेक्षा जास्त खिळे खान्यात लावले.

तिथून आम्ही लातूरला आलो. लातुरात तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. ज्या गल्लीत गिरणी होती तिथं क्लास, ज्या घरात पाहुण्यांची खोली होती तिथं होस्टेल. देगलूर, देवणी, मुरुड, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. आणि क्लास म्हटलं की दर रविवारी परीक्षा, आणि परीक्षा म्हटलं की पेपर छापायला पाहिजे. आणि छापणारा असा पाहिजे की जो तो फोडणार न्हाई.

माझ्याकडं सर लोक यायचे त्याचं कारण माझी हुशारी नव्हती. एकानं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

मी म्हटलं, "एकेक अक्षर कळतं सर. जोडलं की न्हाई."

सर लई हसले आणि पेपर दिला. मला समजत न्हाई हीच माझी डिग्री होती. शिवाय माझी एक पद्धत होती. पेपर जुळवायला घेतला की सरांनी स्टुलावर बसून राहायचं. प्रूफ त्यांच्यासमोर काढायचं, त्यांच्यासमोर जाळायचं. छापून झालं की ते उठायच्या आत सगळे खिळे परत आपापल्या खान्यात. त्याच खिळ्यांनी मी सकाळी एकाचा पेपर जुळवायचो आणि दुपारी त्याच्या वैऱ्याचा. खिळ्याला काही आठवत न्हाई. सकाळी कुठल्या वाक्यात उभा होता ते तो दुपारी सांगत न्हाई. बारा वर्षांत माझ्याकडून एक ओळ बाहेर गेली न्हाई, आणि ही गोष्ट मी कुणी विचारलं न विचारलं तरी सांगायचो.

मग शिसं गेलं आणि कॉम्प्युटर आला. तो मी स्वतःहून आणला न्हाई, सुनेनं आणवला. माझा मुलगा ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. सून देगलूरची, बारावी झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास. तिकडची असल्यानं तिच्या बोलण्यात मधूनच तेलुगू येतं. चिडली की आकडे तेलुगूत मोजते, ही आमच्या घरातली खूण आहे.

मशीन बसवायला माझ्या जुन्या बाइंडरचा मुलगा आला. त्याचं घराणं चार पिढ्या लातुरात, बाप वह्यापुस्तकं बांधायचा, यानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. दोन मोठे क्लास माझ्याकडं येतात, एक लातूरचा, एक नांदेडचा. दोघांचं एकमेकांशी पटत न्हाई. याचं त्याला दिसता कामा नये.

तो म्हणाला, "आसान है चाचा. तीन अकाउंट करतो. तिन्हीला वेगळा पासवर्ड. याचा कागद त्याला उघडणार न्हाई."

त्यानं तीन अकाउंट केली. मशीन सुरू झालं की पडद्यावर तीन चित्रं यायची. नांदेडच्या सरांना फुटबॉल, घरच्या कामाला फूल, आणि लातूरच्या सरांना पिवळं बदक. लातूरचे सर ते बघून म्हणाले होते, "काका, त्यांना फुटबॉल आणि मला बदक?" मी म्हटलं, "सर, बदक पाण्यात राहून कोरडं असतं." ते खूश झाले.

आता मुद्द्यावर येतो. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर मशीनमध्ये टाकायची वेळ आली तेव्हा पडद्यावर एक प्रश्न आला. बाइंडरच्या मुलानं तो मला वाचून दाखवला. हे सॉफ्टवेअर फक्त या अकाउंटसाठी, की मशीनवरच्या सगळ्यांसाठी?

सून मागं उभी होती. म्हणाली, "मामा, दोन्ही क्लासला दोन मशीन घेऊ. दोन्हीत वेगवेगळं टाकू. मला भ्या वाटून राहिलं."

मी म्हटलं, "भ्यायचं काय त्यात? माझ्याकडं क्लासागणिक वेगळी केस होती का? अक्षरं सगळ्यांची एकच असतात. कुलूप लावायचं ते कागदाला, अक्षरांना न्हाई. टाक रे सगळ्यांसाठी."

त्यानं टाकलं. पण फुटबॉलमध्ये जाऊन सॉफ्टवेअर उघडलं तर उघडेना. बदकातही उघडेना. तो बराच वेळ खटपट करत बसला आणि मग म्हणाला, "चाचा, हे सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये काहीबाही लिहून ठेवतं, आणि साध्या अकाउंटला तिथं लिहायची परवानगी न्हाई. तो फोल्डर मी सगळ्यांना मोकळा केला तर चालंल. करू?"

मी म्हटलं, "हाव, कर." काहीबाही म्हणजे काय, हे विचारलं न्हाई. विचारणं म्हणजे सुनेसमोर मला कळत न्हाई म्हणून कबूल करणं होतं.

दोन वर्षं सगळं नीट चाललं. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. लांबलचक ओळीला छोटी खूण ठेवता यायची. दोन अक्षरं दाबून स्पेसचं बटण दाबलं की पूर्ण ओळ आपोआप उमटायची. सून ती सोय आमच्या लग्नपत्रिकांना वापरायची आणि कुठल्याही अकाउंटात ती चालायची, पण लग्नपत्रिकेतली 'आपले आगमन प्रार्थनीय' ही ओळ कुठंही उमटली तरी कुणाला त्याचं काय?

त्या वर्षी नांदेडच्या सरांनी मोठी परीक्षा काढली. दोन्ही जिल्ह्यांतली पोरं बसणार, पहिल्या काहींना दोन वर्षं शिकवणी फुकट. पन्नास प्रश्न आणि पेपरचे चार प्रकार. प्रश्न तेच, क्रम वेगळा, म्हणजे शेजारच्याचं बघून उतरवता येऊ नये. सुनेनं डोकं चालवलं. पन्नास प्रश्न चार वेळा टाईप करण्यापेक्षा तिनं प्रत्येक प्रश्नाला खूण दिली, प्र१, प्र२, असं प्र५० पर्यंत. मग नुसत्या खुणा उलटसुलट क्रमानं दाबत गेली. दोन दिवसांचं काम तिनं सकाळी बसून दुपारी संपवलं. मी तिची पाठ थोपटली. पेपर छापले, गठ्ठे बांधून लाखेचं सील केलं. शनिवारी ते नांदेडला जायचे होते, रविवारी परीक्षा.

गुरुवारी दुपारी लातूरचे सर आले. त्यांची नेहमीची चाचणी होती, साधी, वीस प्रश्नांची. ते माझ्या पद्धतीप्रमाणं स्टुलावर बसले. सुनेनं बदक उघडलं, पासवर्ड टाकला, कोरा कागद पडद्यावर घेतला आणि पहिल्या प्रश्नाचा आकडा घालायला 'प्र१' टाईप करून स्पेस दाबली.

पडद्यावर आपोआप ओळी उमटल्या. गोदावरीच्या पात्रात एक नाव प्रवाहाच्या दिशेनं इतक्या वेळात इतकं अंतर जाते, उलट दिशेनं येताना इतका वेळ लागतो, तर प्रवाहाचा वेग किती.

सुनेचे हात तसेच कीबोर्डवर राहिले. मी चष्मा नीट केला. मला वाटलं तिनं चुकून दुसरं अकाउंट उघडलं, पण वरच्या कोपऱ्यात बदक होतं.

लातूरचे सर स्टूल पुढं ओढत म्हणाले, "गोदावरी? आपल्या पेपरात मांजरा नदी असते काका. हा तर नांदेडवाल्यांचा दिसतो." आणि आम्ही दोघं काही बोलायच्या आत त्यांनी हात लांब करून स्वतः 'प्र२' दाबलं. स्पेस. दुसरा प्रश्न. 'प्र३', स्पेस. तिसरा.

मी त्यांचा हात धरला. बारा वर्षांत गिऱ्हाइकाला मी कधी हात लावला नव्हता.

भूकंपात आधी जमिनीतून गुरगुर आली होती, भांडी वाजली होती, कुत्री ओरडली होती. इथं काहीच वाजलं न्हाई. पंखा फिरत होता, बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता, आणि माझ्या बारा वर्षांच्या शब्दाची भिंत आली होती अंगावर. मी सुनेकडं वळलो आणि जे बोलू नये ते बोललो.

"तू दिलास का ह्यांना पेपर?"

ती उठून उभी राहिली. परक्या माणसासमोर मी तिला असं विचारलं होतं.

"मी दिला असता मामा, तर ह्यांना खूण शोधायला लागली असती का? बसा तिथं. बघा."

मी बसलो, सर बसायचे त्याच स्टुलावर. तिनं बदक बंद केलं, फूल उघडलं. प्र१, स्पेस. गोदावरीतली नाव. ती म्हणाली, "ओकटी." फूल बंद करून फुटबॉल. प्र१, स्पेस. तीच नाव. "रेंडू." मग तिनं एक नवंच अकाउंट तयार केलं, तिथल्या तिथं, ज्याला अजून नावही धड नव्हतं, ज्यात कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर उघडलं. प्र१, स्पेस.

नाव आली.

"मूडू," ती म्हणाली. "आता सांगा मामा, ह्याला कुणी दिला?"

मी बाइंडरच्या मुलाला फोन लावला. तो आधी हसला, मग त्यानं सगळं मला परत सांगायला लावलं. म्हणाला, "चाचा, कागद तुमचे वेगवेगळेच आहेत, ते कुणाला उघडत न्हाईत. पण ह्या खुणा सॉफ्टवेअर कागदात ठेवत न्हाई, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं. सॉफ्टवेअर एकच, तर खुणांची वहीपण एकच. मी तेव्हा विचारलं होतं ना तुम्हाला, फोल्डर सगळ्यांना मोकळा करू का म्हणून?"

विचारलं होतं. मी हाव म्हटलं होतं.

खिळ्याला आठवण नसते म्हणून मी एका केसीवर दोन वैरी सांभाळले. ह्या नव्या केसीला आठवण होती, आणि ती प्रत्येक येणाऱ्याला सांगत होती, हे मला कुणी समजावलं न्हाई असं मी म्हणू शकत न्हाई. समजावत होते. मी ऐकत नव्हतो.

तेवढ्यात लातूरच्या सरांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"काका, झालं ते झालं. आता असं करा, सुनबाईंना म्हणावं नुसती स्पेस मारत जा. पन्नास प्रश्न, दहा मिनिटांचं काम. माझी पाच पोरं मी त्यांच्या परीक्षेला बसवतो. पाचही पहिली. त्यांच्याच परीक्षेत! त्यांच्याच क्लाससमोर मी बोर्ड लावतो."

मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. मग दिसलं की त्यांनी खिशातून पेन काढलेलं आहे.

हा माणूस आठ वर्षं माझ्या स्टुलावर बसत होता. माझ्या प्रूफची राख त्यानं स्वतःच्या पायानं पसरवली होती. माझ्याकडं पेपर सुरक्षित राहतो म्हणून चार लोकांना त्यानंच सांगितलं होतं. त्याला माझी पद्धत आवडत होती, ती फक्त त्याचा पेपर वाचवायला, हे मला त्या दुपारी कळलं.

मी म्हटलं, "सर, उठा."

"काका, तापू नका. नांदेडला कोण सांगणार आहे? तुम्ही न्हाई बोललात, मी न्हाई बोललो, तर ही गोष्ट झालीच न्हाई." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि उद्या कुठून कळलंच, तर लोक काय म्हणतील माहीत आहे ना? पेपर टाईप कुणी केला, पासवर्ड कुणाकडं होता? म्हातारा तर अडाणी. मग राहिलं कोण?"

सून भिंतीकडं तोंड करून प्लगमध्ये वायर काढत-घालत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

ते खरं बोलत होते, हाच मोठा धक्का होता. मी गप्प बसलो तर माझा शब्द तसाच राहत होता, रविवारची परीक्षा होत होती, तीन प्रश्न उघडे पडले ते पडले. सांगितलं तर सगळ्यांची नजर तिच्याकडं जाणार होती, आणि मी तर तिला आधीच, पहिल्या मिनिटाला, तेच विचारून बसलो होतो. लोकांना काय म्हणायचं ते मी त्यांना आधी म्हणून दाखवलं होतं.

मशीनच्या मागं एक छोटं काळं लॉक बसवलेलं असतं, अंगठ्याएवढं. ते असेल तरच मराठीचं सॉफ्टवेअर चालतं. बदक असो, फूल असो, फुटबॉल असो, ते नसलं की कुणालाच उघडत न्हाई. मी वाकून ते उपसलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

सून म्हणाली, "जेवून घ्या मामा."

मी म्हटलं, "मघाशी मी तुला जे विचारलं ते." पुढचं वाक्य मला जमलं न्हाई. आयुष्यात माफी कुणापाशी कधी मागितलीच नव्हती.

ती म्हणाली, "जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सील केलेले सगळे गठ्ठे घेऊन पहिल्या गाडीनं नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा, अख्ख्या रस्त्यानं गठ्ठ्यांवर पाय ठेवून बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, सोनं हाय का?" मी गठ्ठे आणखी जवळ ओढले.

क्लास नुकताच उघडत होता. सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण माणूस कडक. एक दिवस आधी मला बघून त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मी गठ्ठे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "हे वापरू नका. तुमचा पेपर माझ्याकडं उघडा पडला."

ते उठून उभे राहिले. "किती?"

"तीन प्रश्न वाचले गेले. पण पन्नासही उघडे होते."

"कुणी वाचले?"

"ते सांगणार न्हाई. एका गिऱ्हाइकाचं मी दुसऱ्याला सांगत न्हाई. तुमचंही कधी कुणाला सांगितलं न्हाई."

त्यांचा आवाज चढला. "टाईप कुणी केला होता?"

हाच प्रश्न येणार हे मला लातूरपासून माहीत होतं. मी खिशातलं लॉक काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

"टाईप सुनेनं केला, आणि चोख केला. तिनं मला सांगितलं होतं, दोन मशीन घ्या, वेगवेगळं टाका. मी ऐकलं न्हाई. सगळ्यांसाठी एकच टाका म्हणून मी सांगितलं, फोल्डर मोकळा कर म्हणून मी सांगितलं. मला त्यातलं कळत नव्हतं आणि कळत न्हाई असं मी म्हटलं न्हाई. चूक माझी हाय. तिचं नाव यात कुठंही घ्यायचं न्हाई."

सरांनी ते काळं लॉक बोटानं माझ्याकडं परत सरकवलं. मग म्हणाले, "काका, पुढचं काम मी तुम्हाला देईन असं नाही."

"ते तुम्ही ठरवा."

त्यांनी खुर्ची ओढली, टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले आणि नवा पहिला प्रश्न लिहायला घेतला. मला जा म्हणाले न्हाईत, बसा म्हणाले न्हाईत. कोपऱ्यात पोरांचा एक बाक होता. त्यावर मी बसलो आणि त्यांचा पन्नासावा प्रश्न लिहून होईपर्यंत उठलो न्हाई.